जाळी टोचते का

माझ्या पोटाचं दोनदा ऑपरेशन झालंय, म्हणून हर्नियातलं थोडं मलाही कळतं. डॉक्टर शिकून सांगतात, मी भोगून सांगते, एवढाच फरक.

तिसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या बेंबीशी लिंबाएवढा गोळा आला. आमच्याकडे तान्ह्या लेकराची बेंबी वर आली की तिच्यावर तांब्याचा पैसा ठेवून फडक्यानं बांधतात. सासूनं तोच उपाय माझ्यावर केला. "लेकराची बसते, तुही काऊन नाई बसणार?" म्हणाली, आणि मला कापूस वेचायला धाडलं. दोन हंगाम तशीच वेचत होते. पैशाचा गोल वळ कातडीवर उमटला, आणि लिंबाचं संत्रं झालं.

मग पहिलं ऑपरेशन. नुसते टाके. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जड उचलायचं नाही. पंधराव्या दिवशी चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर सासू म्हणाली, "लुगडं फाटलं, शिवलं, की नेसतोच ना आपण? का खुंटीले टांगून ठेवतो?" बायका हसल्या. मी उठले नि पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलला. वर्षाच्या आत सगळं उसवलं.

मुलगा कमावता झाला तेव्हा दुसऱ्यांदा केलं. या वेळी जाळी. मच्छरदाणीसारखी बारीक, आतल्या भोकावर ठिगळ लावावं तशी. मांस तिच्यातून वाढतं आणि ती आपलीच होऊन जाते. त्यानंतर मी गुंड उचलले, पोती सरकवली, नातवंडं कडेवर घेऊन फिरले. पोटात जाळी आहे हेच विसरून गेले.

मागच्या वर्षी सासूच्या पोटाला तेच झालं. वय ऐंशीच्या वर, त्यात जुना खोकला. डॉक्टरनं नीट समजावलं. दुर्बिणीनं केलं तर तीन छोटी भोकं पडतात, दुखतंही कमी, पण पूर्ण भूल द्यावी लागते आणि आजीची छाती तेवढी धड नाही. म्हणून कमरेखाली बधिर करून, चिरा देऊनच करू. नुसते टाके घातले तर खोकल्यानं पुन्हा सुटतील, जाळी टाकू.

सासू घाबरली. खाटेवर माझा हात धरून म्हणाली, "तुह्या पोटात हाय ना वं जाळी? टोचते काय?"

चाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. तेवढी हिंमत तिनं माझ्यात शिल्लकच ठेवली नव्हती.

"टोचते," मी म्हणाले. "वाकलं की टोचते. झोपेतही टोचते."

झालं. तिनं जाळीचं नावच घेऊ दिलं नाही. मुलानं समजावलं, डॉक्टरनं समजावलं. मी म्हणाले, "आत्याबाई म्हणतात तसं करा." सासूच्या मनाची किती काळजी, म्हणून नर्सबाई माझ्याकडे कौतुकानं पाहत होती.

सहा महिन्यांत टाके सुटले. गोळा नारळाएवढा. आता पुन्हा कापणं झेपणार नाही, पट्टा बांधत जा, डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी ती आडवी होते, मी तळहातानं गोळा आत लोटते, ती कण्हते, मी पट्टा आवळते. लपवून काय करू, पहिले काही दिवस ते कण्हणं मला गोड लागलं.

आणि ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगे, "बरं झालं जाळी नाई टाकली. आमच्या सुनेले पाहा, अजून टोचून राह्यली बिचारीले."

सिंदी मेघेहून तिची भाची आली. तिचंही तेच दुखणं, ऑपरेशनची तारीखही ठरलेली. मावशीचं ऐकून म्हणाली, "मंग मीबी टाकेच घालून घेतो बाप्पा. वहिनी, लय टोचते काय?"

"सांग ना वं तिले," सासू खाटेवरून म्हणाली. तिला साक्षीदार हवा होता.

भाचीच्या घरी दोन म्हशी. तिचे टाके किती दिवस टिकले असते, मला दिसत होतं.

"नाई टोचत," मी म्हणाले. "एक दिवसही नाई टोचली. जाळीच टाक."

भाचीनं चहाचा कप खाली ठेवला. सासू माझ्याकडे पाहत राहिली.

"मंग मले काऊन तसं सांगतलं?"

माझ्याकडे चाळीस वर्षांची उत्तरं होती. "पट्टा ढिला झाला तुमचा," मी म्हणाले. "आडव्या व्हा."

ती आडवी झाली. मी गोळा आत लोटला, पट्टा आवळला. त्या दिवशी ती कण्हली नाही.