पडायचं की पढायचं

८ डिसेंबर १९६१. सकाळी मेथी निवडत होते. सासूबाईंनी तोंडाकडे पाहिलं. "डोळे काहून पिवळे दिसून राहिले वं तुझे?"

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी ओढली, लघवीची बाटली उजेडात धरली. "जॉन्डिस." म्हणजे कावीळ. लिव्हर, म्हणजे यकृत, सुजलेलं. तेल-तूप बंद. उठबस केली तर जिवावर बेतेल, हे आत मला एकटीला सांगितलं. निघताना ह्यांच्यासमोर बंगाली वळणाच्या हिंदीत बजावलं, "एक हप्ता बस पोड़ना है. और कुछ नहीं."

पडून राहा, हे मला कळलं. आमच्या ह्यांना ऐकू आलं 'पढ़ना'. हे रशियनांनी उभारलेल्या पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर आहेत. तिथे दहा प्रांतांची हिंदी चालते, आपापल्या परीनं अर्थ लावायचा. घरी येऊन आईला म्हणाले, "तिले हप्ताभर वाचाले सांगतलं. दुसरं काहीच करायचं नाही."

"वाचून कावीळ उतरते?"

"नवीन इलाज असंन. रशियन लोकायचा."

मी गप्प बसले. नुसती पडलेली सून आमच्याकडे दुसऱ्या दिवशी उठवली जाते. मलेरियात मी तशीच उठले होते. डॉक्टरच्या औषधाच्या मात्र सासूबाई आड येत नाहीत.

ह्यांनी शेजारून जुने दिवाळी अंक, मासिकं, कादंबऱ्या आणल्या. मळमळ होती, अंगाला खाज होती. वाचत राहिले. पाककृतींची पानं सोडून दिली, उलटी यायची. एका खुनाच्या कथेचं शेवटचं पान उंदरानं खाल्लेलं होतं. खुनी मीच ठरवला.

चौथ्या दिवशी डोळा लागला, तर सासूबाई दारात. "झोपून काहून राहिली? औषध घे ना!" मी अंक उघडला. सहाव्या दिवशी त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं. भाकरी त्याच थापत होत्या.

आठवड्यानं तिघं दवाखान्यात गेलो. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळेपणा, उतरला होता. हे कौतुकानं म्हणाले, "साहेब, सब किताबें पढ़ डालीं इसने."

डॉक्टर चष्म्यावरून पाहत राहिले. "मैंने पोड़ने को बोला था. लेटने को!"

ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुले मालूम होतं?"

"होतं. पण नुसती पडले असते तर तुम्ही पडू दिलं असतं का?"

डॉक्टर हसले. "हमारी बांग्ला में दोनों एक ही शब्द है. अब एक हप्ता आधा काम, आधा पोड़ना."

"कौन सा वाला?" मी विचारलं.

"जो आपको ठीक लगे."

बायांनो, कावीळ झाली तर पडून राहा. घर उपाशी मरत नाही, आमचं मेलं नाही. मी खोटं एक अक्षर बोलले नाही, फक्त नवऱ्याची चूक सुधारली नाही. त्याची मला लाज वाटत नाही.

घराशी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "त्या खुनाचं मंग काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, आधी वाचनालयात गेले. कारकुनानं फॉर्म पुढे ओढला. "साहेबांचं नाव?"

"वाचणार मी आहे," म्हटलं, आणि माझं नाव लिहायला लावलं.