संताजींनी बंद केलेल्या गोळ्या

संताजी वाघमोडे छत्तीस वर्षं पोलोग्राउंड भागातल्या एका पंप-कारखान्यात फिटर होते. त्यांचा एक नियम होता: एका कामाला दोन माणसं लावायची नाहीत. दोन लावली की एक काम करतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत उभा राहतो. हा नियम त्यांनी कारखान्यात पाळला, घरात पाळला, आणि एकाहत्तराव्या वर्षी छातीत पेसमेकर बसल्यावर स्वतःच्या शरीरालाही लावला.

त्याआधी त्यांची नाडी अडतीसवर उतरायची. परदेशीपुऱ्याच्या बाजारात भाजी घेता घेता ते एकदा उभेच्या उभे कोसळले. मग डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षाही लहान मशीन बसलं. तोवर दोन गोळ्या चालू होत्या. घरी सोडताना चिठ्ठीवर तीन लिहून आल्या.

"मशीन लागली आणि गोळी वाढली?" संताजी बायकोला, द्वारकाबाईंना म्हणाले. "मोटर बसवल्यावर पंप हातानं कोण मारतं?"

"डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग घ्या चुपचाप."

त्यांनी दहा दिवस घेतल्या. तेवढ्यात गल्लीतले लक्ष्मीकांतजी भेटले. लक्ष्मीकांतजींनाही वर्षापूर्वी पेसमेकर बसला होता. "मला तर एक पण गोळी नाही," ते म्हणाले. "मशीन सगळं सांभाळते, भैया."

संताजींचा निर्णय तिथेच झाला. टाके दाखवायला ते एकटेच दवाखान्यात गेले. त्या दिवशी अकरा जानेवारी होती. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "गोळ्या बंद."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या?"

"म्हणाल्या."

आयुष्यात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण हे त्यांना खोटं वाटलंच नाही. डॉक्टरीणबाई आज ना उद्या हेच म्हणणार, आपण चार दिवस आधी म्हटलं, इतकंच.

मरणाला ते भीत नव्हते. त्यांना भीती होती ती पडून राहण्याची. त्यांचे थोरले भाऊ अप्पासाहेब लकव्यानं आडवे झाले आणि याच घरातल्या पुढच्या खोलीत चार वर्षं पडून होते. घासही दुसऱ्याच्या हातानं आणि कूसही दुसऱ्याच्या हातानं. त्या खोलीच्या दारातून जाताना संताजी मान वळवून घेत. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच ते देवाजवळ मागत. आता मशीन आहे म्हणजे ती काळजी मिटली, असा त्यांचा हिशेब होता.

पहिले काही दिवस मजेत गेले. रोज सकाळी ते मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून नाडी मोजत. साठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ. चांगल्या मशीनला दाद द्यावी तशी ते मान हलवत.

मग काहीतरी बिघडलं. जेवून बसले की छातीत कोणीतरी पळत सुटल्यासारखं व्हायचं. मोजायला जावं तर एकशे दहा. मध्येच अडखळून एकशे तीस. पाच-दहा मिनिटांत थांबायचं. पुढे ते तासभर चालायला लागलं. बसावं तर बसवेना, पडावं तर पडवेना. संताजी उठून दारापुढच्या ओट्यापर्यंत जात, परत येत, पाणी पीत, पुन्हा ओट्यावर. चहा सोडला. तिखट सोडलं. पंखा वाढवला, पंखा बंद केला.

"मांजरीसारखे काय घरभर फिरताय?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"उकडतंय."

"फेब्रुवारीत?"

आठवड्यातून दोनदा ते जुन्या सोबत्याच्या, विष्णूच्या, पंप दुरुस्तीच्या दुकानात जात. पैशासाठी नाही, हात चालता राहावा म्हणून. मार्चमधल्या एका सकाळी विष्णूनं त्यांच्यापुढे शाफ्ट आणि नवं बेअरिंग ठेवलं. बेअरिंग बसवताना त्यावर थेट हातोडा मारायचा नसतो. पाइपाचा तुकडा धरून सगळीकडून सारखं ठोकत न्यायचं असतं. हे संताजींनी पन्नास पोरांना शिकवलं होतं. पण त्या दिवशी छाती धावत होती, आणि पाइपाचा तुकडा शोधायला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. त्यांनी तसाच हातोडा घातला. कट्ट आवाज आला. बेअरिंगला तडा गेला होता.

विष्णूनं हातोडा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"काय दादा, आज नवा भरती झालात का?"

"बेअरिंगच हलकं होतं."

"हो, आणि हातोडा वाकडा होता." विष्णू हसला, मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबला. "बसून आहात आणि धापा टाकताय. डॉक्टरला दाखवलं?"

"मशीनची सेटिंग बिघडलीये. करून घेतो."

घरी जाताना त्यांचा विचार पक्का झाला. बिघाड मशीनचा. साठवर ठेवलेलं मशीन एकशे तीसवर पळतंय, म्हणजे आतलं काहीतरी सुटलं. कंपनीचा माल, बसवणाऱ्याचा हात, कोणाची तरी कसूर असणारच. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात निघाले. द्वारकाबाईंनी चपला घातल्या.

"तू कशाला?"

"तुम्ही काल जिन्यात दोनदा थांबलात. मला दिसतं."

दवाखान्यातल्या मुलीनं खांद्याखालच्या उंचवट्यावर एक चपटं यंत्र ठेवलं. समोरच्या पडद्यावर रेघा धावायला लागल्या. डॉक्टर वसुंधराबाई शेजारी उभ्या राहिल्या.

"मशीन खराब आहे," संताजींनी सुरुवात केली. "फास्ट पळते."

"बघू या काका." त्यांनी पडद्यावरची नोंद वर सरकवली. "मशीन एकदम ठीक आहे. बॅटरी ठीक, तार ठीक. तुमचं हृदय जे जे करतं ते सगळं ती लिहून ठेवते, तारखेसकट. पंधरा जानेवारीपर्यंत काही नाही. सोळाला पहिल्यांदा वीस मिनिटं ठोके सैरावैरा. मग दर दोन-चार दिवसांनी. काल सलग सहा तास." त्यांनी वळून पाहिलं. "जानेवारीच्या मध्यात काय बदललं?"

संताजी पडद्याकडे बघत राहिले. हजेरीचं पुस्तक त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पण ते आपल्याच छातीत, आपल्याला न विचारता कोणी भरत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"असं कसं? त्याच सुमाराला तर तुम्ही गोळ्या बंद केल्या ना, बाई?" द्वारकाबाई डॉक्टरांना म्हणाल्या.

"मी? मी एकही बंद केली नाही."

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. संताजींनी शर्टाचं बटण लावायला घेतलं. ते भोकात जाईना.

"लक्ष्मीकांतला एकही गोळी नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याला पण हीच मशीन आहे."

"त्यांची फक्त नाडी मंद असेल, बाकी सगळं ठीक. अशा माणसाला मशीननंतर गोळी लागत नाही कधी कधी. तुमचं तसं नाही काका. तुमचं हृदय कधी फार हळू चालतं, कधी फार जोरात. मशीन त्याला साठच्या खाली पडू देत नाही. पण पळायला लागलं की ती त्याला धरू शकत नाही, ते काम गोळीचं. ती गोळी आधी देताच येत नव्हती, मंद नाडी आणखी मंद पडली असती. मशीन बसली म्हणून तर देता आली."

संताजींना हे कळलं. फिटरला कळायला हवं तितकं लख्ख कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"दुसरी बीपीची. तिकडे मशीन बघतच नाही. आणि तिसरी रक्त पातळ ठेवायची. ठोके असे सैरावैरा झाले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं. त्याची गाठ मेंदूत गेली की लकवा."

द्वारकाबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"तिन्ही आजपासून सुरू," डॉक्टर म्हणाल्या. "आठ दिवसांनी परत दाखवा. हात जड पडला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली तर एक मिनिट थांबायचं नाही, तडक इथे. आणि काही कमी करायचं असेल तर मला विचारून. स्वतः नाही."

बाहेर आल्यावर द्वारकाबाई पुढे चालू लागल्या. संताजी मागून. औषधांच्या दुकानापाशी त्यांनी बायकोला गाठलं.

"मला वाटलं, एका कामाला..."

"पुरे." त्या वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "अप्पासाहेबांना चार वर्षं कोणी उचललं?"

संताजींनी खिशातून औषधांची चिठ्ठी काढली.

"तुम्ही कामावर जायचे. मी उचलायचे. त्यांची कूस मी बदलायचे, पाठीच्या जखमा मी धुवायचे. कमर माझी तेव्हा गेली ती गेली. तुम्ही पडला असता तर उचलणार कोण? मीच. अडुसष्टाव्या वर्षी. एवढीशी गोळी गिळायची मेहनत तुम्ही वाचवली, आणि ते सगळं माझ्यावर टाकायला निघालात. वर मला खोटं सांगून."

कामचुकार हा शब्द संताजींनी आयुष्यात अनेकांना ऐकवला होता. त्यांना कोणी ऐकवला नव्हता. द्वारकाबाईंनीही तो उच्चारला नाही. त्याची गरज उरली नव्हती.

संताजींनी दुकानातून तिन्ही पाकिटं घेतली. चिठ्ठी पुढे करून दुकानदाराला विचारलं, आत्ता कोणती आणि जेवल्यावर कोणती. दुकानदारानं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारून खात्री केली. मग पायरीवरच बसून जी आत्ता घ्यायची होती ती पाकिटातून काढली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

गोळ्या चालू होत्या तेव्हा रोज सकाळी द्वारकाबाई स्वतः पेला भरून पाणी देत. आज त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तशीच, बंद, त्यांच्या हातात दिली.

झाकण घट्ट होतं. संताजींनी उघडलं. गोळी घेतली. छाती अजून तशीच धावत होती. किती वेळात थांबेल, हे विचारायला डॉक्टरांकडे परत जावं म्हणून ते अर्धे उठले, आणि पुन्हा बसले.

"चला," द्वारकाबाई म्हणाल्या. "बस येईल."

"तुझी कमर..." संताजी म्हणाले. "आपण रिक्षा करू."

"बसनंच जायचं," त्या म्हणाल्या आणि स्टॉपकडे चालू लागल्या. संताजी उठले. या खेपेला ते त्यांच्या मागे नाही, बरोबर चालायला बघत होते, पण दम पुरेना. चौकाच्या कोपऱ्यावर द्वारकाबाई थांबल्या. मागे वळून न बघता, ते येईपर्यंत उभ्या राहिल्या.