करंगळीचं शेवटचं पेर

आबा अंगठ्याने महिने मोजायचे. चार बोटं, एकेकाला तीन पेरं, म्हणजे बरोबर बारा. तर्जनीच्या पहिल्या पेरावर ज्येष्ठ. "जेठ, निरगुडी. आखाड, मेंदी. सावन, हिवर. भादवा, बोर..." एकेक महिना, त्याचं एकेक फूल. अंगठा सरकत सरकत करंगळीच्या शेवटच्या पेरावर यायचा आणि तिथे अडायचा. मग ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "भाऊसाहेब, आखाजीले काय शे?"

'शे' म्हणजे 'आहे' आणि आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. ऐन वैशाखातला सण. ऊन असं की कावळासुद्धा विचार करून उडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आबांचं म्हणणं एवढंच होतं की मधमाशीसुद्धा माहेरवाशीणच. "आखाजीले ती येस. घरमा काहीच नही तं काय खाई?"

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हणालो, "आबा, रुई असते की फुललेली."

"ती भुंगासनी शे," आबा म्हणाले. "या बारीक माशीले तिना काय उपेग?"

मी शेतकीची परीक्षा पास झालेलो होतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

धुळ्याच्या अलीकडे, पांझरेच्या काठाला सरकारी बियाण्याचं फारम होतं. स्वातंत्र्य नवं होतं आणि नोकरीत मीही नवा होतो, पण स्वातंत्र्याचा उत्साह टिकून होता तेव्हाच माझा संपला होता. रजिस्टरं, तक्ते, पत्रांना उत्तरं, उत्तरांना स्मरणपत्रं. संध्याकाळी पाठ मोडून जायची आणि काय केलं म्हणून विचाराल तर दाखवायला काही नाही. आबा तिथले माळी. हजेरीपटावर त्यांचं चांगलं चार शब्दांचं नाव होतं, पण ते मी सोडून कोणी वाचत नसे.

फारमवर कांद्याचं बी व्हायचं. जुना कांदा पुन्हा लावला की माघात त्याला उंच दांडा येतो आणि टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा गेंद. त्याला डोंगळा म्हणतात. डोंगळ्यावर माशी फिरली तर बी भरतं, नाही तर हातात भुसा येतो. माशी माघात लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेले अकरा महिने ती कुठे राहते, काय खाते, याचा विचार फक्त आबांनी केला होता.

त्यासाठी त्यांनी कांद्याच्या वावराचा लांबलचक बांध हाती घेतला. मी यायच्या आधीपासून त्यांचं ते चाललं होतं. नाल्यातली निरगुडी, डोंगरातली धायटी, कुणाच्या परसातला अडुळसा, तरवड, कोरांटी, काय मिळेल ते. सुट्टीच्या दिवशी सातपुड्याकडे जायचे आणि ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून आणायचे. साहेबांच्या बंगल्यापुढे विलायती फुलं होती, दरसाल बी मागवून पेरायची आणि दरसाल मरू द्यायची. आबा ते वाफे इमानाने शिंपायचे, पण त्यांच्याकडे बघून मान हलवायचे. "पाव्हना शे. चार दिन ऱ्हाई नि जाई." मग आपल्या बांधाकडे बोट. "मूळ शे तं बठ्ठं शे."

मूळ आहे तर सगळं आहे, असं ते म्हणत. तुम्ही तो बांध पाहिला असता तर तुम्हीही तण समजला असता. मी समजलो होतो. पण माघात त्या झुडपांत बोट-दोन बोटांची पोळी लटकलेली असायची आणि डोंगळ्यांवर असा गुणगुणाट की कचेरीत बसून ऐकू यावा. आमचं बी वजनाला भारी उतरायचं, आणि वरून शाबासकीचं पत्र यायचं ते माझ्या नावाने. मी ते फाइलला लावायचो.

अडलेलं होतं ते एकच पेर. वैशाखासाठी आबांनी बांधाच्या टोकाला पाच करंज लावले होते. करंज काही लगेच फुलत नाही. वर्षामागून वर्षं आबा आखाजीच्या सुमाराला त्यांच्याखाली उभे राहून वर बघायचे आणि परत यायचे. त्यांचं वय होत आलेलं. गुडघे बोलायला लागले होते.

एका वर्षी चैत्र संपता संपता ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "चाला." मी म्हटलं, ऊन आहे. ते म्हणाले, "चाला ना हो." गेलो. करंजाला कोवळी पालवी होती आणि पानांच्या बगलेत तांदळाच्या कण्यांएवढ्या कळ्या. आबांनी फांदीला हात लावला नाही, नुसता जवळ नेला.

"मी आखाजी करीसन येस," ते म्हणाले. "पोर येई ऱ्हायनी. तवलोंग फुली जाई. ध्यान ठेवजा."

"ठेवतो," मी म्हणालो.

ते गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला की वरिष्ठ साहेब पाहणीला येणार. आता आपल्याकडे पाहणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, आणि जे उगवलेलं दिसेल ते उपटायचं. आमच्या साहेबांनी मला सांगितलं, "रस्त्याच्या कडा साफ करून घ्या." एवढंच. मी बाहेर येऊन गड्यांना सांगितलं, "रस्ता आणि बांध, सगळं साफ करा." बांध हा शब्द माझा. तो का आला, आजही सांगता येत नाही. दहा कामं डोक्यात होती, एका वाक्यात दोन उरकली.

दुपारी मी रजिस्टर लिहीत बसलो होतो. बांधाकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. पहिला घाव ऐकला तेव्हाच मनात आलं, करंज. खरं सांगतो, आलं होतं मनात. उठून ओरडलो असतो तरी पुरे होतं, दोनशे पावलांचं अंतर. पण बाहेर आग होती, पाठ ओली झाली होती, आणि मला उठायचा कंटाळा आला. म्हटलं, पाचातला एखादा जाईल. लिहीत राहिलो.

वरिष्ठ साहेब आले, व्हरांड्यात बसून आमरस जेवले, चांगलं चाललंय म्हणाले आणि गेले. बांधाकडे त्यांची पाठ होती.

आबा परतले ते हातात सांजोऱ्यांची पुरचुंडी घेऊन, माझ्यासाठी. पुरचुंडी टेबलावर ठेवून सरळ बांधाकडे गेले. मी मागोमाग गेलो. पाचही करंज गुडघ्याएवढे उरले होते. बाकी बांध हजामत केल्यासारखा. आबांनी वाकून एका खुंटावर तळहात ठेवला.

"साहेबांचा हुकूम होता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खुंटाकडे. "साहेबले काय समजस," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मूळ शे ना. मूळ शे तं बठ्ठं शे."

त्या सांजोऱ्या मी खाल्ल्या. गोड होत्या. लाज वाटली, तरी खाल्ल्या.

पुढच्या माघात डोंगळे फुलले आणि वावर गप्प. चारदोन माश्या, त्याही वाट चुकल्यासारख्या. माझी झोप उडाली, कारण बी भरलं नाही तर ज्याच्या नावाने शाबासकी येते त्याच्याच नावाने दुसरं पत्रही येतं. आबांनी काही विचारलं नाही. सकाळी दहिवर उडालं की ते ओळीत शिरायचे आणि एकेका डोंगळ्यावरून तळहात फिरवायचे, या डोंगळ्यावरून त्या डोंगळ्यावर, शाळेला निघालेल्या नातवंडांच्या डोक्यांवरून फिरवावा तसा. फुलातली भुकटी हाताने इकडची तिकडे. तिसऱ्या दिवशी मीही शेजारची ओळ धरली. तीन आठवडे आम्ही दोघं माश्या होऊन फिरत होतो.

"माशीनं काम माणूसनी करं," कंबर धरून आबा हसायचे, "तं माणूसनं काम कोन करी, भाऊसाहेब?"

मी हसायचो. दर सकाळी ठरवायचो, आज सांगून टाकू. आबा, हुकूम माझा होता. ओळ संपायची, कंबर मोडून यायची, आणि सांगायचं उद्यावर जायचं. बी निम्मं भरलं. पत्र आलंच.

पुढे बांधाला पुन्हा पालवी फुटली. निरगुडी, तरवड, अडुळसा वर्षभरात पुन्हा उभे राहिले, पोळी लागली. करंजांच्या खुंटांतूनही फोक आले, पण त्यांची वर्षं पुन्हा पहिल्यापासून. ती भरायच्या आत आबांची नोकरी संपली आणि ते गावी गेले. निघताना त्यांनी मला बोटांवर बारा महिने मोजून दाखवले. शेवटच्या पेरावर अंगठा ठेवला आणि यावेळी काही विचारलं नाही. मग माझी बदली जळगावला झाली. तिथे रजिस्टरं जास्त जाड होती.

काही वर्षांनी, आखाजी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, दारात एक बाई उभी. उन्हाने चेहरा लाल झालेला, काखेत गाठोडं. "भाऊसाहेब, वळखं का? मी आबानी पोर."

आबा थंडीत गेले होते. त्याच्या आधीच्या आखाजीला ती माहेरी आली तेव्हा त्यांनी हट्ट धरून गाडी जुंपायला लावली आणि फारमवर गेले. करंज फुलला होता. खाली फुलांचा सडा, वर माश्यांचा गजर. आबा दुपारपर्यंत तिथे बसून राहिले, भाकरीसुद्धा तिथेच खाल्ली. उठताना तिला म्हणाले, पुढच्या साली शेंगा वाळल्या की जळगावला नेऊन दे.

तिने गाठोडं सोडलं. ओंजळभर करंजाच्या शेंगा, चपट्या, तपकिरी.

"आणि एक निरोप शे," ती म्हणाली. जरा अडखळली, तिला त्याचा अर्थ ठाऊक नसावा. "आबा म्हने, भाऊसाहेबले सांगजो, हाई झाड कापानं नही."

मी खुर्चीत तसाच बसलो. हुकूम कोणाचा होता ते गड्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. खुंटावर हात ठेवून उभे होते तेव्हा ठाऊक नसेलही, पण त्या संध्याकाळी तरी कळलंच असेल. पुढच्या माघात तीन आठवडे शेजारच्या ओळीत माझ्याबरोबर हसत चालणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक होतं. मी सांगेन म्हणून ते वाट बघत होते का, हे मला आता कोण सांगणार?

बायको आतून म्हणत होती की त्यांना पाणी द्या, चहा टाकते. माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी उठलो, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि परसात गेलो.

"अहो, डोक्यावर ऊन आहे," बायको दारातून ओरडली, "संध्याकाळी करा की!"

मी खणत राहिलो.