तव्यावरची तुरटी

तळोज्याच्या तुरटीच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते. आमचा माल पाणी निवळायला जायचा, कापड रंगवायला जायचा, कातडी कमावायला जायचा. घरी मात्र तुरटीचं एकच काम होतं, लेकीची दृष्ट काढणं. आणि त्या खात्याच्या प्रमुख सासूबाई.

कळंबोलीच्या फ्लॅटमध्ये निखारे कुठले? लेकीवरून उतरवलेला खडा जुन्या तव्यावर टाकायचा आणि गॅस मोठा करायचा. तुरटीत जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते उकळून भसाभस निघतं आणि खडा फुगून वेडावाकडा होतो. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "पाणी असू दे. तोंड कुणाचं आलंय ते बघ."

त्या आठवड्यात लेक सारखी किरकिरत होती. दात येत होते, दुसरं काही नाही. पण तुरटी फुलली आणि तिला मागे चक्क अंबाडा निघाला. सासूबाईंनी समोरच्या दाराकडे मान वळवली. समोरच्या वहिनींचा अंबाडा अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक.

"परवाच म्हणत होती, काय गुटगुटीत झालीय पोर. शनिवारी परत काढते. परत तीच निघाली, तर पोर तिच्याकडे जायची नाही."

माझं टाळकंच सणकलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, लेक रांगती. दिवसभर तिला वहिनीच सांभाळायच्या. वहिनी बंद म्हणजे माझी नोकरी बंद.

शनिवारी मी म्हटलं, "तुम्ही उतरवा, गॅसचं मी बघते." आल्यागेल्याची, पापी चांडाळाची दृष्ट निघाली, खडा तव्यावर पडला. मी गॅस अगदी मंद ठेवला. मंद आचेवर तुरटी फुगत नाही, आपल्याच पाण्यात विरघळते. ती तव्यावर पसरली आणि सावकाश वाळली. नाक नाही, कान नाही, अंबाडा तर नाहीच. धिरडं झालं नुसतं.

सासूबाई चष्मा लावून तव्यावर वाकल्या.

"रूप नाही उठलं. म्हणजे बाहेरच्या कुणाची नाही."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"घरचीच आहे. आईची. दिवसभर पोर दिसत नाही तुला, मग संध्याकाळी आलीस की खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता तिच्याकडे बघत बसतेस. मी बघते ना रोज."

मी गॅस बंद केला. मला रडू आलं, कारण ते खरं होतं.

सोमवारी लेकीला वहिनींकडे दिलं आणि तिच्याकडे न बघता जिना उतरले.