दारात नीट केलेली कॉलर

समोरची सुनंदा रोज संध्याकाळी नवऱ्याला दारातच थांबवून त्याची कॉलर नीट करते. तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन महिने झालेत. बघणाऱ्याला वाटेल, काय हे प्रेम! पण मला विचाराल तर कॉलर आपली निमित्ताला, ती तोंडाचा वास घेते. मीही वर्षानुवर्षं तेच केलंय ना!

आमच्या ह्यांनी दारू सोडून चार वर्षं झाली तरी माझं नाक काही थांबेना. एकदा हे म्हणाले, “अगं, कॉलर कशाला ओढतेस? सरळ वास घे की!” आणि त्यांनी डॉक्टरपुढे करतात तसा आ केला. मी हसले खरी, पण बाई, वास घेतलाच. तेव्हापासून हे मान वळवूनच घरात शिरायचे. आता तर शिरणारंच कुणी उरलं नाही.

हे सुनंदाला सांगावं म्हणून काल दार उघडलं. तिचा नवरा जिन्यात एकटाच उभा होता, तळहातावर श्वास सोडून हुंगत होता. मला बघून दचकला.

“प्यायलो नाही हो, आजी.”

मी काही विचारलंही नव्हतं.