विंचूरचा फ्रीज आणि आमचे नानामामा

नानामामांनी माझं ठरत आलेलं लग्न मोडायला काढलं होतं. तेही एका फ्रीजपायी.

आज सकाळी मामा गेले. रडू येतंय, पण खरं सांगू? चिडचिड जास्त होतेय.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. नाशिकमध्ये वायरमन. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास घ्यायच्या आधी खिशातला टेस्टर बाहेर. सॉकेट बघणार, तोंड वाकडं करणार आणि विचारणार, "अर्थिंग कुठंय?"

बारसं असो की दहावा. त्यांना काही सोयरसुतक नाही.

चौऱ्याण्णव साली आम्ही विंचूरला मुलाचं घर बघायला गेलो. मीही हट्टानं बरोबर गेले, कारण मुलगा मला पसंत होता. चांगलाच पसंत होता.

चहापाणी झालं, तारखेचं बोलणं निघालं.

आणि मामा उठून थेट स्वयंपाकघरात.

होणाऱ्या सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, "दादा, पाटावर उभं राहून हात लावा हां. अनवाणी धरला की मुंग्या येत्यात. आम्हाला सवय हाय."

खरंच, फ्रीजपुढे पाट मांडलेला होता.

मामांनी टेस्टर टेकवला. दिवा लागला. बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बॉडीला करंट आहे. आधी अर्थिंग, मग तारीख."

सासऱ्यांचा चेहरा पडला. बाबांनी कपाळाला हात लावला.

परतीच्या एसटीत मी मामांशी एक शब्द बोलले नाही. पंधरा दिवस तिकडून निरोप नाही.

मग कळलं, हा माणूस न बोलावता अर्थिंगच्या खड्ड्यासाठी पाइप, कोळसा, मीठ घेऊन एकटाच विंचूरला जाऊन आला. सासरे आधी घरात घेईनात. शेवटी खड्डा खणायला त्यांनीच कुदळ धरली. घरातलं प्रत्येक सॉकेट तीन पिनांचं झालं.

लग्न झालं. मामांना मी सॉरी म्हटलं नाही. का म्हणू? ते पंधरा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

पुढं विंचूरच्या त्याच घरात माझी मुलगी तीन वर्षांची असताना एकदा ओल्या फरशीवर, अनवाणी, वॉशिंग मशीनला टेकून उभी होती. मशीनची वायर आतून उंदरानं कुरतडलेली. फाटकन फ्यूज उडाला. पोरगी नुसती दचकली.

गावातल्या वायरमननं मशीन उघडून बघितलं. म्हणाला, "वहिनी, अर्थिंग नसतं तर पोरगी हाताला लागली नसती."

मी मामांना फोन लावला, सगळं सांगितलं.

ते लगेच सुरू. "मशीनखाली जाळी का नाही लावली? उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालता का? पोरीला चपला घेता येत नाहीत?"

मी चिडून फोन ठेवला.

नंतर कितीदा भेटलो. दरवेळी ते माझे सॉकेट तपासायचे आणि मी वैतागायचे. थँक यू राहूनच गेलं.

आत्ता लेक शेजारी येऊन बसलीय. विचारतेय, "आई, एवढं काय लिहितेयस?"

मामा, ती विचारतेय ते तुमच्यामुळे.

माझी श्रद्धांजली घ्या. फार उशीर केला मी.