बेडाअण्णांचे दोन सर्व्हर

मला हा माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. काहीही विचारा, अण्णांचं पहिलं उत्तर 'बेडा'. कन्नडमध्ये बेडा म्हणजे नको. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणून मोकळे व्हायचे. म्हणून सगळं ऑफिस त्यांना बेडाअण्णा म्हणायचं, अर्थात पाठीमागे. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरमध्ये गेलेल्या. मी नव्वदच्या दशकात पुण्याहून तिथे गेले, तेव्हा वाटलं, चला, आपल्या भाषेचा साहेब मिळाला. हा भ्रम पहिल्या दुपारपर्यंत टिकला.

आमची कंपनी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायची. सगळी ड्रॉइंग डिस्कच्या एका कपाटात, आणि ते कपाट सांभाळायला दोन सर्व्हर. दोघे दर काही सेकंदांनी एकमेकांना 'मी जिवंत आहे' असा निरोप द्यायचे. एकाचा निरोप आला नाही की दुसरा त्याला मेलेला समजायचा आणि त्याच्या वाट्याच्या डिस्क स्वतःकडे घ्यायचा. या जोडीवर अण्णांचा फार जीव. मशीन रूमची किल्ली ते जानव्याला बांधत. आत शिरताना चपला बाहेर, अंगात बायकोनं विणलेला तपकिरी स्वेटर, आणि रोज सकाळी दोन्ही सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवून ऊब बघायची. माणसांची इतकी विचारपूस त्यांनी केल्याचं मला आठवत नाही.

कोणतीही कमांड द्यायची तर आधी रजिस्टरमध्ये लिहायची, मग उभं राहून मोठ्यानं वाचायची. मी वाचत असताना ते डोळे मिटून ऐकत. मी चुकले की ते म्हणायचे, ''स्वल्प सावकाश. मागं कुणी लागलंय काय तुझ्या?'' इंजिनियर झालेल्या बाईला पाढे म्हणायला लावल्यासारखं वाटायचं. राग गिळायचे, कारण मी नोकरीत कायम होणार की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं.

त्या वर्षी माणसं वाढली आणि ड्रॉइंग उघडायला मिनिट मिनिट लागू लागलं. मी आठवडाभर आकडे काढले. फाइली पुरवणारे प्रोसेस चौपट केले तर वेग वाढणार, हे उघड होतं. कागद अण्णांपुढे ठेवला. त्यांनी तो पुरता वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, ''बेडा.'' का, म्हणून विचारलं. ते डबा उघडून दहीभात खायला बसले.

पुढच्याच आठवड्यात ते भाचीच्या लग्नाला आनेकलला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. ड्रॉइंगवाले सकाळपासून दारात उभे होते. मी दोन्ही सर्व्हरवर बदल केला. दोन तास ड्रॉइंग झटकन उघडत होती, मॅनेजर स्वतः येऊन शाबासकी देऊन गेले. जेवणानंतर सगळे एकदम कामाला बसले, आणि इतक्या प्रोसेसच्या गर्दीत सर्व्हरांचे निरोप उशिरा पोचू लागले. दोघांनी एकमेकांना मेलेलं समजून एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहायला सुरुवात केली, आणि ड्रॉइंग एकमेकांवर लिहिली जाऊन खराब झाली.

कळताच अण्णा लग्नातून डोक्यात अक्षता घेऊनच आले. दोन दिवस बॅकअपच्या टेप लावून जेवढं परत आणता येईल तेवढं आणलं. चार दिवसांची ड्रॉइंग गेली ती गेलीच. मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, ''काय केलंस ते लिही. तुझ्याच अक्षरात.''

मी सगळं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडून पेन घेऊन खाली दोन ओळी लिहिल्या: निरोपाची वाट बघायची मुदत फार कमी ठेवली आहे आणि भार वाढला तर घोळ होईल, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. हिला सांगितलं नाही. खाली सही केली.

मला कामावरून काढलं. त्यांच्याकडून मशीन रूम काढून घेतली आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बस स्टॉपवर उभे होतो. त्यांच्या अंगावर स्वेटर नव्हता, म्हातारे दिसत होते. म्हणाले, ''कारण सांगितलं की माणसं वाद घालतात गं. मला वादाचा कंटाळा.''

माझी बस आली आणि मी चढले.

अजूनही माफ केलेलं नाही मी त्यांना. आज माझ्या हाताखाली सात जण आहेत. कुणाला नाही म्हणायचं असलं की मी त्याला शेजारी बसवते आणि का ते सांगते. ते वाद घालतात, मी ऐकून घेते. आणि दर वेळी अण्णांचा नव्यानं राग येतो, कारण सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.